एअर क्लीनरमधलं तेल

माझे सासरे रेल्वेत ड्रायव्हर होते. इगतपुरीच्या शेडमध्ये वाफेच्या इंजिनावर कोळसा मारत त्यांची नोकरी सुरू झाली आणि विजेच्या इंजिनावरून ते निवृत्त झाले. त्र्याऐंशी साली रेल्वेचं क्वार्टर सोडून ते आणि सासूबाई आमच्याकडे नाशिकरोडला राहायला आले. मी त्यांना मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्या. आल्यावर महिनाभर मामांनी घरातले सगळे गळके नळ नीट केले, खिडक्यांना तेल दिलं, शेजाऱ्यांच्या सायकलींनाही दिलं. करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा एक दिवस सकाळी बाहेर पडले ते दुपारी एका डॉक्टरांची जुनी मोटार घेऊनच परतले. चालवत डॉक्टरांचा ड्रायव्हर होता. मामा त्याच्या शेजारी ताठ बसले होते, मांडीवर टोपी.

गाडी फिक्या निळ्या रंगाची होती. मागचं एक दार आतून उघडायचं नाही आणि पाऊस आला की डावा वायपर अर्ध्यात थांबायचा. मला ती पाहताक्षणी आवडली.

"मामा, तुम्हाला चालवता येते?" मी विचारलं.

"पस्तीस वर्षं गाडी हाकली," ते म्हणाले, "पण वळवायची पाळी कधी आली नाय. रूळ वळतील तशी ती वळायची. आता शिकायचं. तू पण शीक."

आमचे हे महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायचे. त्यांनी हात जोडले आणि मागची सीट पत्करली. म्हणून मग मामा आणि मी, सासरा आणि सून, एकाच वेळी गाडी शिकायला लागलो. शिकवायला सिन्नर फाट्याचा एक मेकॅनिक होता. गाडीची देखभालही त्याच्याकडेच. चाळिशीचा माणूस, दातात सतत आगकाडी धरलेला, बोलायला फटकळ. मामा रिक्षा दिसली की अर्ध्या फर्लांगावरून ब्रेक दाबायचे, कारण मालगाडी थांबवायला तेवढं अंतर लागतं. मेकॅनिक म्हणायचा, "बाबा, ही चाळीस डब्यांची नाय हो!" रेल्वेत ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार सिग्नल दिसला की एकमेकांना मोठ्याने सांगतात, ती सवयही मामांची सुटली नव्हती. चौक आला की ते "मोकळा!" म्हणायचे आणि मीही "मोकळा!" म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असायची. देवळाली कॅम्पच्या रुंद रस्त्यांवर आम्ही दोघं असे ओरडत फिरायचो आणि लोक वळून बघायचे. तीन महिन्यांत दोघांनाही लायसन मिळालं. मला एक आठवडा आधी मिळालं, हे मामाच सगळ्यांना सांगायचे.

मामांची एक इच्छा होती. इगतपुरीला जाऊन जुन्या सोबत्यांना गाडी दाखवायची. श्रावणातला एक रविवार ठरला. आत्यांनी लाडू करायचे ठरवले. आणि नेमकी त्याच्या आधी दोन आठवडे गाडी धूर सोडायला लागली.

पहिल्यांदा तो मला आरशात दिसला. रेस दिली की मागे निळसर पदर. मग गाडीची ओढ कमी झाली. स्टेशनजवळचा पूल चढताना ती धापा टाकायची, उभी असताना बंद पडायची, आणि आत बसलं की कढईत तेल जळावं तसा वास यायचा. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं. इंजिनात हवा जाते ती आधी एका गोल डब्यातून जाते. त्याला एअर क्लीनर म्हणतात. आत घड्या घातलेल्या कागदाची जाळी असते, ती धूळ अडवते. त्यानं डब्याचं झाकण काढलं आणि जाळी बाहेर घेतली. तिच्यातून तेल ठिबकत होतं. डब्याच्या तळाशीही तेल साचलं होतं.

"हवेच्या जागी तेल पितेय ही," तो म्हणाला. "बाबा, तेल खाते का गाडी? टाकायला लागतं का वरून?"

"रोज," मामा म्हणाले. "रोज सकाळी बघतो मी. रोज थोडं कमी असतं. टाकतो."

मेकॅनिकनं तोंडातली आगकाडी काढली. "मग झालं. रिंगा गेल्या. झिजलेल्या रिंगांतून पिस्टनच्या बाजूनं दाब खाली येतोय आणि तेलाला वर ढकलतोय. इंजिन उतरवावं लागंल. सोमवारी आणा. इगतपुरीचं नाव काढू नका."

घरी येईपर्यंत मामा एकाही चौकात "मोकळा" म्हणाले नाहीत. जेवताना आत्यांनी दोनदा विचारलं, भाजी अळणी झाली का. त्यांनी मान हलवली. मला त्यांचं दुःख कळत होतं. गाडीचं इंजिन गेलं, म्हणजे ते आपल्या हातून गेलं, असं त्या माणसाला वाटत होतं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी रसायनशास्त्राची पदवीधर आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्रात प्रयोगशाळेत नोकरीला होते. पाणी आणि तेल तपासणं हे माझं काम. टर्बाइनचं तेल, ट्रान्सफॉर्मरचं तेल, छोट्या बाटल्यांतून आमच्या टेबलावर यायचं आणि त्यात काय मिसळलंय ते आम्ही सांगायचो. दिवसभर तेलाशी खेळणारी बाई मी, आणि घरच्या गाडीच्या तेलाबद्दल दुसऱ्यानं सांगितलं ते मुकाट ऐकून आले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटीच गाडी घेऊन मेकॅनिककडे गेले.

"दादा, रिंगा गेल्या हे इंजिन न उतरवता बघता येतं का?"

त्याला प्रश्न आवडला नाही, पण तो माणूस अप्रामाणिक नव्हता. "येतं की," म्हणाला. त्यानं प्लग काढले. रिंगा गेल्या असत्या तर प्लग तेलानं काळे, ओलेचिंब निघायला हवे होते. चारही प्लग थोडे काळपट पण कोरडे होते. त्यानं ते उन्हाकडे धरून पाहिले. मग ते परत बसवले, इंजिन चालू केलं आणि वरून तेल टाकायचं बूच काढलं. रिंगा गेल्या की त्या भोकातून भसाभसा धूर येतो म्हणे. मी माझ्या पर्समधला बसच्या तिकिटाचा चिटोरा त्या भोकावर धरला. तो जरासा थरथरला, उडाला नाही.

"आयला," मेकॅनिक म्हणाला आणि माझ्याकडे बघून जीभ चावली.

"मग तेल वर येतं कुठून?"

त्यानं एक रबरी नळी दाखवली. इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणातून निघून ती थेट एअर क्लीनरमध्ये जात होती. इंजिन आतून जो वाफारा टाकतं तो ह्या नळीतून क्लीनरमध्ये येतो आणि हवेबरोबर परत जाळला जातो. नळी आतून चिकटली असली तरी तेल उलटं फेकलं जातं, असं तो म्हणाला. त्यानं ती काढून रॉकेलनं धुतली, तिच्यातली तारेची जाळी धुतली, एअर क्लीनरला नवा कागद बसवला. "दोन दिवस चालवा. कागद कोरडा राहिला तर सुटलो."

कागद कोरडा राहिला नाही. दोन दिवसांनी झाकण उघडलं तर खालची कड पुन्हा ओली. मामा शेजारी उभे होते. ते आत निघून गेले आणि रेडिओ लावून बसले. बातम्या चालू होत्या ती भाषा त्यांना येत नव्हती.

शुक्रवारी मी म्हणाले, "मामा, आज गाडीनं कामावर जाऊ या. वाटेत मला तिचा आवाज ऐकायचाय."

"तूच ने," ते म्हणाले. "मला नाय ऐकवत तो आवाज."

पण जायच्या आधी त्यांनी रोजच्यासारखं बॉनेट उघडलं, तेल बघायची पट्टी काढली, फडक्यानं पुसली, पुन्हा घालून पाहिली आणि लांब चोचीच्या बुधलीनं थोडं तेल ओतलं. "अजून कमीच हाय," म्हणाले.

एवढ्या लांब मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी गाडी चालवत निघाले. काळजी होती, तरी खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला होता की सिन्नर फाटा ओलांडल्यावर मी मोठ्यानं गायला लागले. चाऱ्याच्या बैलगाडीला मी व्यवस्थित ओलांडलं. गेटवरच्या शिपायानं आधी गाडीत साहेब शोधला आणि मग मला बघून सलाम ठोकायचा की नाही ह्या विचारात अर्धा हात वर नेला.

जेवणाच्या सुट्टीत मी दोन बाटल्या घेऊन गाडीपाशी गेले. क्लीनरच्या तळाचं तेल एका बाटलीत काढलं. दुसऱ्या बाटलीसाठी इंजिनातलं तेल हवं होतं, म्हणून तेलाची पट्टी बाहेर ओढली. पट्टीवर दोन रेघा असतात. तेल त्या दोन्हींच्या मध्ये असावं. मी पाहिलं तर तेल वरच्या रेघेच्याही वर चांगलं दोन बोटं चढलेलं. मला वाटलं, पट्टी पुसायची राहिली. पुसली, पुन्हा घातली. पुन्हा दोन बोटं.

सकाळी मामांनी पाहिलं तेव्हा कमी होतं. चार तासांत तेल वाढलं कसं?

तेलाची पातळी आपोआप वाढते ती त्यात दुसरं काही मिसळलं की. पाणी किंवा पेट्रोल. दोन्ही वाईट. मी धावतच प्रयोगशाळेत आले आणि आमच्या साहेबांना विचारलं, घरच्या गाडीचं तेल जरा तपासू का. साहेब कडक होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "गाडीला झालंय काय?" मी सांगायला लागले, तसे ते उठून उभे राहिले. "अहो मग बोलत काय बसलात, आणा इकडे."

तापलेल्या पत्र्यावर थेंब टाकला. पाणी असतं तर तडतडला असता. तो गुपचूप पसरला. पेट्रोल असतं तर तेल लवकर पेटलं असतं. ते पाहायचं एक उपकरण आमच्याकडे होतं. तेल हळूहळू तापवायचं आणि मधून मधून त्याच्या वाफेला बारीक ज्योत दाखवायची. साहेब स्वतः ज्योत दाखवत होते, मी थर्मामीटर वाचत होते. तापमान वर वर चढत गेलं तरी तेल पेटेना. शेवटी पेटलं ते चांगल्या इंजिन ऑइलनं पेटावं तिथेच.

"तुमच्या तेलात तेलाशिवाय काहीही नाही," साहेब म्हणाले. ते जरा निराश झाले होते. "कोणीतरी जास्त ओतलेलं दिसतंय."

मी स्टुलावर बसले. कोणी ओतलं ते मला माहीत होतं. सकाळीच माझ्या डोळ्यांदेखत ओतलं होतं. पण मामा पट्टी पाहिल्याशिवाय थेंबही टाकत नसत. मग घरी पट्टी खोटं का बोलते? घरी गाडी उभी असते कुठे? आमच्या दारात. आमची गल्ली वालदेवी नदीच्या अंगाला उतरती. गाडीचं नाक चढाकडे, शेपूट उताराकडे. म्हणजे खालचं तेल सगळं मागे पळणार, आणि पट्टी तर इंजिनाच्या पुढच्या बाजूला. इथे मात्र सपाट काँक्रीट.

मी एकटीच हसायला लागले. साहेबांना कळेना काय झालं.

प्रकरण इतकं सोपं होतं. दारातल्या उतारावर पट्टी रोज कमी दाखवायची, मामा रोज थोडं टाकायचे. तेल इतकं वाढलं की इंजिनाचा फिरणारा दांडा त्याच्यात बुडून त्याला घुसळायला लागला. त्याचे शिंतोडे नळीवाटे वर क्लीनरमध्ये, तिथून हवेबरोबर इंजिनात, आणि मागून निळा धूर. बिचारा मेकॅनिकही फसला, कारण रोज तेल टाकावं लागतं हे इतक्या ठामपणे सांगणाऱ्या रेल्वेच्या ड्रायव्हरसमोर पट्टी काढून बघायचं त्याच्या मनातही आलं नाही.

आता मामांना सांगायचं कसं? परतताना मी गाणं वगैरे म्हटलं नाही. वडीलमाणूस. ज्याचं आयुष्य इंजिनाला तेल देण्यात गेलं, त्याला सुनेनं म्हणायचं, तुमच्या तेलानंच झालं? मी गाडी घरी न नेता ह्यांच्या शाळेच्या मैदानावर नेली. ते सपाट होतं. चालत घरी गेले आणि मामांना घेऊन आले.

"जरा तेल बघता का, मामा?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. चष्मा काढून तोही पुसला. पुन्हा पट्टी.

"हे काय गं?"

"आता घरी नेऊन बघू."

मी गाडी दारात नेहमीच्या जागी लावली. आम्ही दहा मिनिटं पायरीवर बसलो, तेल खाली उतरू दिलं. मग मामांनी पट्टी काढली. तेल खालच्या रेघेलाही टेकत नव्हतं. मामांनी आधी पट्टीकडे पाहिलं, मग गल्लीच्या चढाकडे, मग खाली नदीकडे. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होते.

"अगं ए!" ते एकदम घराकडे तोंड करून ओरडले. "बाहेर ये लवकर! तुझ्या नवऱ्यानं इंजिनाला पाजून पाजून मारलं असतं!"

आत्या पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. मामा कट्ट्यावर बसून हसत होते, मांडीवर थाप मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "रेल्वेत तेल कमी पडलं तर चार्जशीट," ते म्हणत होते. "जास्त पडलं तर कोण विचारतंय! ती खोड गेली नाय माझी." आत्यांना तेलाचं काही समजलं नाही. पण मुद्दा त्यांना बरोबर समजला. "पाहुण्यांना पण असंच वाढता तुम्ही," त्या म्हणाल्या. "नको नको म्हणतो माणूस, तरी पानात ढकलताय."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं खालचा बोल्ट सैल केला आणि जास्तीचं तेल काढलं. एक पत्र्याचा डबा भरला आणि दुसऱ्याला सुरुवात झाली. तो उकिडवा बसून त्या डब्यांकडे बघत होता.

"बाबा, तुम्ही तर मला पण उल्लू बनवलं. उद्या इंजिन खोललं असतं, चांगल्या रिंगा बघितल्या असत्या, आन् मग तुम्हाला काय तोंड दाखवलं असतं मी?"

"ह्या बाईला विचार," मामा म्हणाले. "पकडलं तिनं. दोघांना पकडलं."

क्लीनरला पुन्हा नवा कागद बसवला. आठवडाभर रोज सकाळी आम्ही सगळे, आत्यासुद्धा, बॉनेटभोवती उभे राहायचो आणि मामा झाकण उघडायचे. कागद कोरडा. त्याच्यावर नुसती धूळ, जिथं असायची तिथं. पुलावर गाडी पहिल्यासारखी एका दमात चढली. मेकॅनिकला काही अडलं की तेव्हापासून तो औषधाच्या बाटलीत कुणाच्या तरी गाडीचं तेल घेऊन दारात यायचा. "ताई, जरा नजर टाका." एकदा त्याच्या बाटलीत खरंच पाणी निघालं, तेव्हा त्यानं मला पेढे आणले.

श्रावणातल्या त्या रविवारी आम्ही इगतपुरीला गेलो. विल्होळी, वाडीवऱ्हे, घोटी, सगळीकडे भातं पोटरीला आलेली आणि दर शेताच्या बांधावरून पाणी वाहतंय. पुढे धुकं लागलं तेव्हा मामांनी दिवे लावले. सोबती वाट बघत होते. सहा-सात निवृत्त ड्रायव्हर, सगळ्यांच्या बगलेत छत्र्या. पाच मिनिटांत बॉनेट वर आणि सगळी डोकी आत. मामांनी तेलाची सगळी कथा स्वतःवरच सांगितली आणि सांगताना दीड डब्याचे तीन डबे केले. मी दुरुस्त करायला गेले नाही. त्यातले एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "पोरी, आमच्या घरात चक्कीचं इंजिन हाय. लय धूर मारतं. त्याचं तेल आणू का बाटलीत?"

मग सगळ्यांना गाडीत बसायचं होतं. मामा लाडू वाटण्यात गुंतले होते, म्हणून मीच एका वेळी तीन-चार ड्रायव्हर कोंबून स्टेशनपासून गावाबाहेरच्या वळणापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. त्यांनी वाटेत इतक्या सूचना केल्या की एकदा मी चुकून वायपर चालू करून बसले.

परतताना गाडी माझ्याकडे होती. वाडीवऱ्ह्याजवळ चहाला थांबलो. चहा झाल्यावर आत्या मागच्या सीटवर न जाता पुढचं दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसल्या. पदर खोचला आणि माझ्या पायांकडे वाकून बघायला लागल्या.

"तो मधला कशाचा?"

"ब्रेकचा, आत्या."

"आणि डावीकडचा?"

"क्लच. गिअर बदलताना तो आधी दाबायचा."

"हळू की जोरात?"

"दाबायचा पूर्ण. सोडायचा हळू."

त्यांनी स्वतःचा डावा पाय चपलेतून काढला आणि पुढच्या पत्र्यावर हळूहळू दाबून, हळूहळू सोडून पाहिला. मामा मागे ह्यांच्या शेजारी जाऊन बसले होते. त्यांनी एकदा तोंड उघडलं, मग मिटलं, आणि नाशिकरोड येईपर्यंत एकही सूचना केली नाही.